घटक ४ : रानफुलाचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास पूर्ण केल्यावर आपल्याला रानफुलाच्या छायाचित्राखाली चार-पाच वाक्यांचा नेमका मजकूर लिहिता यावा, फुलांच्या मराठी नावांमागील भाषिक घडण ओळखता यावी आणि एखादी माहिती केव्हा लिहावी व केव्हा लिहू नये, याचा निर्णय करता यावा, अशी अपेक्षा आहे.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, बातमीच्या भाषेचा विचार आपण मागील घटकात केला. वृत्तपत्रात बातमीच्या शेजारी छायाचित्र असते आणि त्याखाली एक-दोन वाक्ये असतात. वृत्तपत्राच्या कार्यालयात त्यांना ‘फोटोओळ’ म्हणतात. शब्द अर्धा इंग्रजी व अर्धा मराठी असला तरी तो रुळलेला आहे, म्हणून या घटकात तोच वापरला आहे. फोटोओळ लहान असते, त्यामुळे ती सोपी समजली जाते आणि बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. वस्तुतः ज्या छायाचित्राचा विषय वाचकाला अपरिचित असतो, तेथे सगळा अर्थ या ओळीवरच उभा असतो.

रानफूल हा असा विषय आहे. भाद्रपद-आश्विनात सातारा जिल्ह्यातील कास पठारावर जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फुलांची शे-दीडशे छायाचित्रे असतात. त्यांपैकी किती फुलांची नावे सांगता येतील, असे विचारले की उत्तर दोन किंवा तीन येते. छायाचित्र पुष्कळ दाखवते, पण त्याहून पुष्कळ लपवते. ‘सीतेची आसवे’ हे फूल बोटाच्या नखाएवढे असते आणि तेरड्याचे रोप गुडघ्यापर्यंत येऊ शकते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच मोठी दिसतात. फुलाचा आकार, त्याखालची जमीन, उमलण्याची वेळ, शेजारची वनस्पती आणि नाव यांपैकी बरेचसे चौकटीबाहेर राहते. ते वाचकापर्यंत नेण्याचे काम भाषेचे आहे.

४.३ ऋतू आणि स्थळ

फोटोओळ लिहिण्यापूर्वी स्थळाची माहिती हवी. कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, बामणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १२०० मीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत : कास पठार, कोयना व राधानगरी ही अभयारण्ये आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान. यांपैकी चांदोली उद्यानाचा काही भाग सांगली जिल्ह्यात येतो, हे सांगलीकडच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पठाराचा माथा जांभ्या कातळाचा आहे. त्यावर मातीचा थर अतिशय उथळ असतो, काही ठिकाणी तर नसतोच. पावसाळ्यात हा कातळ पाण्याने निथळत राहतो, उन्हाळ्यात तापून कोरडा पडतो. मोठ्या झाडाची मुळे येथे धरत नाहीत. त्यामुळे येथील बहुतेक वनस्पती लहान आहेत आणि त्यांना तीन-चार महिन्यांत उगवणे, फुलणे व बी धरणे उरकावे लागते. सगळ्यांचीच घाई असल्यामुळे फुलेही एकदम दिसतात. माती पोषणद्रव्यांच्या बाबतीत निकृष्ट आहे. म्हणूनच येथे कीटक पकडून आपली गरज भागवणाऱ्या वनस्पती आढळतात. पहिल्या पावसाबरोबर सापकांदा आणि दीपकाडी येतात, पुढे गेंदांनी ओलसर कातळ पांढरा होतो, तेरड्याने गुलाबी-जांभळा होतो आणि सोनकीने पिवळा होतो. दर पंधरवड्याला पठार वेगळे दिसते. ‘कास पठार, पावसाळा’ एवढी नोंद म्हणूनच अपुरी ठरते.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याने एका वाङ्मयीन सवयीकडे लक्ष द्यावे. फुले म्हटली की आपल्या लेखणीतून ‘वसंत’ उतरतो. संस्कृत काव्याने दिलेला हा वारसा आहे आणि वृक्षांच्या बाबतीत तो खोटा नाही. पळस, पांगारा व सावर हे फाल्गुनाच्या आगेमागेच फुलतात. जमिनीलगतच्या रानफुलांचा ऋतू मात्र आपल्याकडे श्रावण ते आश्विन हा आहे. ज्या देशांत पाऊस हिवाळ्यात पडतो, तेथे रानफुले वसंतात येतात : कॅलिफोर्नियात मार्च-एप्रिलमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कारण दोन्हीकडे एकच आहे, आधी ओल आणि मग ऊन. पंचांग तेवढे निराळे. कासच्या छायाचित्राखाली ‘वसंताचा बहर’ लिहिणाऱ्याने पठार पाहिलेले असते, पण शब्द दुसरीकडून आणलेला असतो. ‘महाराष्ट्राची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे बिरुदही तसेच. उत्तराखंडातील ती दरी हिमालयात, साडेतीन हजार मीटरांच्या आसपास आहे. कास हा उघडा कातळमाथा आहे. दरी आणि माथा यांना एकच नाव देऊन कोणाचेच वर्णन होत नाही.

अशा माथ्याला सह्याद्रीच्या पट्ट्यात स्वतःचा शब्द आहे : सडा. चांदोलीतील झोळंबीचा सडा आपण ऐकला असेल. अंगणात शेणाचा सडा घालतात, तो शब्द निराळा. उच्चार सारखा असला तरी अर्थ वेगळा. ‘पठार’ हा शब्द मैलोगणती पसरलेल्या दख्खनलाही लागतो आणि एखाद्या लहान माथ्यालाही लागतो. ‘सडा’ म्हटले की उघडा कातळ डोळ्यांसमोर येतो. नेमका शब्द जवळ असताना सैल शब्द का वापरावा?

४.४ नावांची घडण

आता या घटकाच्या मुख्य भागाकडे येऊ. रानफुलांची मराठी नावे एकाच काळात व एकाच प्रकारच्या माणसांनी ठेवलेली नाहीत. काही जुनी आहेत, काही अभ्यासकांनी अलीकडे घडवली आहेत, काही पर्यटकांनी चिकटवली आहेत. नाव पाहून त्याचा प्रकार ओळखता आला पाहिजे.

तेरडा हे जुने नाव आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, ते सापडते. कोकणात अनेक घरांत तेरड्याची रोपेच गौर म्हणून पूजतात आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. जे नाव सणात आणि म्हणीत शिरले आहे, ते समाजाच्या वापरातले नाव होय. मात्र असे नाव सहसा एका जातीपुरते नसते. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यांना वेगवेगळ्या जाती मानतो, अशा अनेक रोपांना गावकरी ‘तेरडा’ म्हणतो, आणि त्याच्या व्यवहारात तेवढी विभागणी पुरेशी असते. लोकांची वर्गवारी आणि शास्त्राची वर्गवारी यांच्या सीमा जुळत नाहीत. यात कोणाची चूक नाही. दोघांचे प्रयोजन वेगळे आहे.

आता आभाळी आणि नभाळी ही जोडी पाहा. दोन्ही एकाच कुळातील, निळसर-जांभळ्या फुलांच्या वनस्पती आहेत. ‘आभाळ’ हा संस्कृत ‘अभ्र’शी नाते सांगणारा तद्भव शब्द, ‘नभ’ हा तत्सम. अर्थ जवळजवळ एकच. दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींना वेगळे ठेवण्यासाठी भाषेने तद्भव-तत्सम हा आपला नेहमीचा भेद कामाला लावला आहे. हीच युक्ती आपण ‘घर’ आणि ‘गृह’ यांच्या बाबतीत रोज करतो.

त्याच कुळातील नीलिमा आणि अबोलिमा ही नावे त्याहून मनोरंजक आहेत. ‘नील’ या विशेषणाला ‘इमन्’ हा संस्कृत प्रत्यय लागून ‘नीलिमा’, म्हणजे निळेपणा, हे भाववाचक नाम होते. ‘महिमा’, ‘गरिमा’, ‘लालिमा’ ही त्याच घराण्यातली. ‘अबोलिमा’ मात्र या नियमाने सिद्ध होत नाही. अबोली हे फुलाचे नाव, त्यावरून रंगाचे नाव आणि त्या रंगाच्या रानफुलासाठी ‘नीलिमा’च्या चालीवर ‘अबोलिमा’. व्याकरणाचा कर्मठ अभ्यासक येथे नाक मुरडील. मला स्वतःला हे नाव आवडते, कारण ते रंग सांगते, नात्यातल्या फुलाची आठवण ठेवते आणि तोंडात बसते. सादृश्याने शब्द घडणे ही भाषेतील अगदी जुनी प्रक्रिया आहे. त्याचे लिंगही पाहा. संस्कृतात ‘इमन्’ प्रत्ययान्त नामे पुल्लिंगी असतात आणि मराठीत ‘महिमा’ अजून पुल्लिंगीच आहे. पण ‘नीलिमा’ स्त्रीलिंगी झाली, म्हणून तिच्यामागून ‘अबोलिमा’ही स्त्रीलिंगी झाली. आपण ‘अबोलिमा उमलली’ असेच लिहू.

दीपकाडीचे उदाहरण निराळे आहे. जून महिन्यात उंच दांड्यावर लोंबणारी पांढरी फुले दिसतात. दीप, काडी : नाव अगदी मराठी वाटते. पण या वनस्पतीचे शास्त्रीय प्रजातिनामच ‘डिपकाडी’ आहे. परका ध्वनी कानावर पडला आणि त्यातून आपल्या भाषेतील अर्थपूर्ण शब्द ऐकू आले. भाषाविज्ञानात याला ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. वायतुऱ्याचीही कथा अशीच उलगडते. साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या या वनस्पतीचा फुलोरा दुभंगलेला असतो, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा. नावाचा खुलासा तसाच केला जातो. ते खरे असेल, तर रोमन लिपीचे एक अक्षर साताऱ्याच्या डबक्यात मराठी होऊन उगवले आहे. तिचे शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ मध्ये दिल्या गेलेल्या या नावातील ‘एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय ‘त्या ठिकाणचा’ असा अर्थ देतो. म्हणजे आपण ‘सातारी कंदी पेढा’ म्हणतो, तसेच हे सातारी फूल. शास्त्रीय नावांना घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांनी असे प्रत्यय सोडवून पाहावेत. बरीच भीती जाते.

आता वादाचा विषय. कवला किंवा कवळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एकीचे पिवळे फूल कासवर मोठ्या संख्येने दिसते. त्याच्या पाकळीवर दोन गडद ठिपके असतात, म्हणून पर्यटक त्याला ‘मिकी माउस’ म्हणतात आणि आता वाटाडेही तेच नाव सांगतात. या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘स्मिथिया’ हे जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून आले. तिच्यातील एका जातीचे नाव ‘आघारकरी’ आहे. ते मालवणात १८८४ मध्ये जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या स्मरणार्थ आहे. पुण्यातील संशोधन संस्था आज त्यांचेच नाव धारण करते. एका लहानशा फुलापाशी इंग्रज शास्त्रज्ञ, मालवणी शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील चित्रपटाचा उंदीर असे तिघे उभे आहेत. या गर्दीत ‘कवला’ मागे पडतो आहे.

‘मिकी माउस’ला माझी हरकत तो परका शब्द आहे म्हणून नाही. ‘वायतुरा’ मी आताच आनंदाने स्वीकारला. हरकत अशी की ते नाव फक्त एका क्षणी, एका कोनातून दिसणाऱ्या चेहऱ्याविषयी बोलते. ‘कवळा’ म्हणताच पावसाळी रानभाजी आठवते, कारण याच प्रजातीतील एका जातीचा कोवळा पाला भाजी म्हणून खाल्ला जातो. त्या नावात रोपाचे नाते, ऋतू आणि उपयोग साठलेला आहे. ज्यांनी ते नाव वापरले, ते गुरे राखणारे, गवत कापणारे आणि भाजी खुडणारे लोक होते. पर्यटकांच्या पायांपासून संरक्षण व्हावे म्हणून पठारावर जाळीचे कुंपण आले, तेव्हा गुरांच्या चराईलाही अडथळा आला. चराई थांबल्याने गवत माजते आणि लहान रोपांना उजेड मिळत नाही का, असा प्रश्न अभ्यासकांनी व गावकऱ्यांनी विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्राने द्यावे. भाषेच्या अभ्यासकाला त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न दिसतो : गुराखी पठारावर जायचा थांबला, तर त्याच्या तोंडची नावे कोण वापरणार? आज त्या पठारावर सर्वांत अधिक हिंडणारा माणूस छायाचित्र काढणारा आहे. तो ज्या नावाने छायाचित्र पुढे पाठवील, ते नाव टिकेल. म्हणून फोटोओळीत ‘कवला’ आधी लिहावा. ‘पर्यटकांत मिकी माउस या नावाने परिचित’ हे नंतर लिहिले तर बिघडत नाही.

४.५ ओळ लिहिताना

प्रथम छायाचित्राविषयी थोडे, कारण चांगल्या ओळीची सामग्री तेथेच गोळा होते. फुलाचे एकच देखणे छायाचित्र ओळख पटवण्यास पुरत नाही. पूर्ण रोप व त्याखालची जमीन, फूल समोरून, आणि पान व देठ अशी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. पुष्कळ फुलांची ओळख पानांवरून ठरते. ढगाळ उजेड चांगला, कारण भर उन्हात गेंदासारखी पांढरी फुले नुसते डाग होतात. कॅमेरा फुलाच्या उंचीवर न्यावा, परंतु त्यासाठी पठारावर आडवे पडू नये. आपल्या अंगाखाली उथळ मातीतील रोपे चिरडतात, आणि ज्यांना बी धरण्यासाठी हाच एक हंगाम असतो त्यांना दुसरी संधी नसते. पायवाटेवर बसून हात पुढे केला, की बहुतेक काम होते. तारीख, वेळ आणि जागा त्याच क्षणी वहीत टिपावी.

आता तीन फोटोओळी पाहू. त्या या घटकासाठी रचलेल्या आहेत.

पहिली : ‘कास पठारावर निसर्गाने अंथरलेला रंगीबेरंगी फुलांचा गालिचा पर्यटकांना भुरळ घालत आहे.’

ही ओळ कोणत्याही वर्षी, कोणत्याही छायाचित्राखाली चालेल आणि हाच तिचा दोष. फूल कोणते, आठवडा कोणता, काही कळत नाही. शिवाय ‘गालिचा’ हे रूपक विचार न करता आलेले आहे. गालिचा पायाखाली घालण्यासाठी असतो. ज्या ठिकाणी पाय जपून टाकायचा, तेथे वाचकाला नकळत उलटेच सुचवले जाते. निर्जीव झालेले रूपकही आपला मूळ अर्थ पूर्णपणे सोडत नाही.

दुसरी : ‘सकाळच्या दवात न्हालेले दवबिंदूचे रोप कॅमेऱ्यात कैद.’

‘कैद’ हा हिंदी वृत्तवाहिन्यांचा प्रसाद आहे. मराठीत छायाचित्र टिपतात किंवा काढतात. पण यातील खरी चूक भाषेची नसून वस्तुस्थितीची आहे, आणि ती नावामुळेच झाली आहे. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकांशी थेंब चमकतात. ते दव नसते. तो चिकट स्राव असतो, आणि दुपारच्या उन्हातही तो तसाच राहतो. त्यात कीटक अडकतो व वनस्पती त्याला पचवते. नाव सुंदर आहे, पण नावावरून माहिती तयार करू नये. ‘सीतेची आसवे’ याबाबतही तेच. नाव करुण आहे. वनस्पती मात्र शिकारी आहे. तिच्या जमिनीतील सूक्ष्म पिशव्यांत अतिसूक्ष्म जीव ओढले जातात. वाचकाला नावातली करुणा आणि रोपाचा स्वभाव दोन्ही कळू द्यावेत.

तिसरी : ‘दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रोसेरा इंडिका. कास पठार, जि. सातारा. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, दुपारी दोन वाजता. ओलसर कातळावर, गवताच्या आडोशाला. रोप वीतभरही नाही. पानांवरील थेंब चिकट स्रावाचे असून उजवीकडील पानावर एक माशी अडकलेली दिसते.’

या ओळीत विशेषणे जवळजवळ नाहीत. पहिली काही वाक्ये क्रियापदाविना आहेत आणि फोटोओळीत ते चालते. शेवटचे वाक्य वाचकाची नजर छायाचित्रात परत नेते. सौंदर्य चित्रात आहेच. ते शब्दांनी पुन्हा सांगितले की कमी होते.

खात्रीचा प्रश्न उरतो. जातीची खात्री नसेल तर ‘गेंदाची एक जाती’ किंवा ‘बहुधा सोनकी’ असे लिहावे. ‘बहुधा’ लिहिण्यात कमीपणा नाही. येथे एका पारिभाषिक भेदाकडे लक्ष द्या : शास्त्रीय मराठीत ‘जाती’ हा लहान गट असून ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’ हा त्याहून मोठा गट आहे, वृत्तपत्रांत मात्र दोन्हींसाठी सर्रास ‘प्रजाती’ लिहितात. शंका आल्यास मराठी विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदी पाहाव्यात. विश्वकोशाचे काम आपल्याच सातारा जिल्ह्यातील वाई येथून उभे राहिले. लेखनाबाबत एवढेच : ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाचे’, ‘फुले’, ‘फुलांनी’ ऱ्हस्व. ‘रानफूल’ लिहिताना हीच काळजी घ्यावी.

४.६ स्थळ किती सांगावे?

नेमकेपणा हा गुण म्हणून आतापर्यंत सांगितला. एका बाबतीत तो आवरावा लागतो. सोनकी, तेरडा, गेंद ही विपुल फुले आहेत, त्यांचे ठिकाण सांगण्यात धोका नाही. काही कंदीलपुष्पे आणि काही आमरी मोजक्याच जागी उगवतात. कंदीलपुष्पाला जमिनीत कंद असतो. तो उपटला की रोपच संपते. अशा फुलाच्या फोटोओळीत जिल्ह्यापलीकडे जाऊ नये. ‘मंदिरामागच्या वळणापाशी, डाव्या हाताला’ ही नोंद आपल्या वहीत राहू द्यावी. मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, म्हणून मूळ छायाचित्र पाठवण्यापूर्वी ती नोंद काढावी. वाचकाला माहिती देणे हे आपले काम असले, तरी ज्याच्याविषयी लिहितो त्याचे नुकसान होऊ न देणे हेही त्याच कामात येते. अत्याचाराच्या बातमीत पीडित व्यक्तीची ओळख आपण ज्या कारणाने उघड करत नाही, तेच कारण येथे लागू आहे.

४.७ सांगलीकडे

कासला जाणे सर्वांना शक्य नाही. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुटीच्या दिवशी साताऱ्यापलीकडचा प्रवास परवडेलच असे नाही, आणि हंगामात पठारावरची गर्दीही मोठी असते. या घटकासाठी त्याची आवश्यकता नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य हे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून, उजाड डोंगरावर माणसांनी वाढवलेले वन आहे. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्याच्या जवळच आहे. येथील पाऊस कासच्या मानाने फारच थोडा. गालिचा शोधणाऱ्याची येथे निराशा होईल, पण नावे शोधणाऱ्याची होणार नाही.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांतही बांधावर पुरेसा अभ्यास उभा आहे. पिवळा तरवड, ज्वारीच्या रानातील कुर्डू, कुंपणावर चढलेली कळलावी, ओलीतला निळा केना ही नावे आपल्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक चांगली माहीत असतील. दगडीपाला हे एकच उदाहरण घ्या. हे रोप मूळचे अमेरिका खंडातील. आज ते महाराष्ट्रात प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. त्याला कोठे एकदांडी म्हणतात, कोठे कंबरमोडी. एका नावात पाला आहे, दुसऱ्यात फुलाचा उंच एकटा दांडा आहे, तिसऱ्यात काय आहे हे आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. परके रोप आले आणि मराठीने त्याला निरनिराळ्या गावी निरनिराळी नावे दिली. अशा नावांचा नकाशा काढला, तर बोलींच्या सीमांविषयीही काही हाती लागेल. भ्रमंती न करता करता येण्यासारखे हे काम आहे आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

४.८ स्वाध्याय

१. ‘आभाळी-नभाळी’ आणि ‘नीलिमा-अबोलिमा’ या जोड्यांतील शब्दघडणीत कोणता फरक आहे? सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘मिकी माउस’ आणि ‘वायतुरा’ या दोन्ही नावांत परकी सामग्री आहे. प्रस्तुत घटकात दोहोंविषयी वेगळा निर्णय का केला आहे? तो आपल्याला मान्य नसल्यास आपली बाजू मांडा.

३. आपल्या परिसरातील वृत्तपत्रांतून फुलांच्या छायाचित्रांखालील पाच ओळी जमवा. प्रत्येकीतील कोणता शब्द गाळला तरी माहिती कमी होत नाही, ते दाखवा.

४. क्षेत्रकार्य : आपल्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणचे एक रानफूल निवडा. त्याची तीन छायाचित्रे काढा. निरनिराळ्या वयाच्या किमान चार व्यक्तींना, शक्य तर त्यांत शेतात राबणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला, त्याचे नाव विचारा. त्यांनी सांगितलेली नावे त्यांच्याच उच्चारात, कोणतीही ‘शुद्ध’ न करता नोंदवा आणि साठ शब्दांपर्यंतची फोटोओळ लिहा. नाव कोणालाच सांगता आले नाही, तर ओळीत तसे लिहा. नवे नाव ठेवू नका.